कशावरून?

डिसेंबर संपत आला की तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येऊ लागतो: ब्लॅकबुक. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत बीएमएस, बीएएफ, बीबीआय केलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आत शंभरेक पानं आणि त्याला १०० गुण. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्यांचा तो सुगीचा काळ. बांधणी तर ते करून देतातच. पण 'मागच्या वर्षीचं एखादं आहे का' असं हळू आवाजात विचारलं तर पेनड्राइव्हही बाहेर निघतो. नाव, रोल नंबर आणि गाइडचं नाव बदललं, की संशोधन संपलं.

मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका कॉलेजात बिझनेस कम्युनिकेशन शिकवते. राहायला बदलापूर पूर्वेला, शिरगावात. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात काही मुलं येऊन बसतात. कात्रपची, आपटेवाडीची, अंबरनाथहून येणारी, एखाददुसरा उल्हासनगरच्या कॅम्पातला. याला क्लास म्हणवत नाही, कारण फी नाही आणि फळाही नाही. टेबलावरच्या मेंटेनन्सच्या पावत्या बाजूला सरकवायच्या आणि मुलांनी लिहून आणलेलं मोठ्यानं वाचायचं, एवढाच कार्यक्रम. आगरी घरांतली, मुंबईत परवडेना म्हणून इकडे घर घेतलेल्यांची, कॅम्पातल्या कापड दुकानदारांची अशी ही मुलं. बहुतेकांचे वडील पहाटेच्या लोकलने जातात आणि पोरं जेवून झोपायला लागली की परततात. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नसतं. त्यामुळे आपल्या दुखण्याचं निदान प्रत्येकाने आधीच करून आणलेलं असतं: "मॅडम, माझं इंग्लिश वीक आहे."

हे निदान मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा ब्लॅकबुकातच असतो. कुठलंही ब्लॅकबुक उघडा, त्यातलं सगळ्यात चांगलं लिहिलेलं पान ऋणनिर्देशाचं असतं. एका मुलीने लिहिलं होतं की सर्वेक्षणासाठी ती दारोदार हिंडत असताना तिचा धाकटा भाऊ उन्हात छत्री धरून बरोबर चालला. इंग्रजी मोडकंच होतं. क्रियापदं भलत्याच काळात गेलेली. पण ते वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं. पान उलटलं आणि 'आजच्या स्पर्धेच्या युगात' सुरू झालं. तिथून पुढची नव्वद पानं कुणाचीच नव्हती. भाषा तीच, मुलगी तीच, संगणकही तोच. फरक इतकाच की ऋणनिर्देशात आपण काय सांगतोय आणि ते आपल्याला कसं ठाऊक, हे तिला पक्कं माहीत होतं.

म्हणून रविवारच्या बैठकीत व्याकरण मागाहून येतं. आधी एकच प्रश्न, जो आमच्याकडे आजीसुद्धा नातवाला विचारते: कशावरून?

ऑनलाइन खरेदीवरचं एक ब्लॅकबुक आठवतं. शीर्षक बदलापुरातल्या ग्राहकांच्या समाधानाविषयी, आणि निष्कर्षात ठळक अक्षरांत 'बदलापूरचे ८२ टक्के ग्राहक समाधानी आहेत'. कशावरून? गूगल फॉर्म फिरवला. कुणी भरला? वर्गातल्या ५० जणांनी. मग खरं वाक्य असं होतं: माझ्या वर्गातल्या ५० पैकी ४१ जणांनी समाधानी असल्याचं सांगितलं. मुलगा हिरमुसला. "मॅडम, असं लिहिलं तर प्रोजेक्ट एवढंसं दिसेल." दिसू दे की. २०११ च्या जनगणनेतच हे शहर पावणेदोन लाखांच्या घरात होतं, आणि त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते खिडकीतून दिसतंय. तुझे ५० मित्र म्हणजे ते शहर नव्हे. पण तुझे ५० मित्र खरे आहेत, त्यांची वयं माहीत आहेत, त्यातले किती जण आईबापांच्या पैशाने खरेदी करतात हे तू विचारू शकतोस. तेवढ्यावर चांगलं लिहिता येतं. त्याने तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे वर्गाबाहेर लागू पडेल का? तो म्हणाला, सांगता येणार नाही सर, मी तपासलेलं नाही. माझ्या मते त्या दिवशी दिलेलं ते सर्वांत अभ्यासू उत्तर होतं.

हा प्रश्न किती लांबवर नेता येतो हे मुलांना दाखवायला मला फार दूर जावं लागत नाही. पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिराबाहेरच्या छोट्या विक्रेत्यांवर एका मुलीने प्रकल्प घेतला होता. महाशिवरात्रीच्या जत्रेतल्या आणि एरवीच्या कमाईतला फरक, असा छान आटोपशीर विषय. पण पहिलं प्रकरण 'इतिहास' असलंच पाहिजे, असा या प्रकल्पांचा अलिखित कायदा आहे. त्या प्रकरणात तिने इंटरनेटवरून गोळा केलेलं सगळं एकापुढे एक लावलं होतं. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं; मंदिर १०६० मध्ये शिलाहार राजांनी बांधलं; मंदिर नवव्या शतकातलं आहे. तिन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात, एकमेकांशी भांडण न करता नांदत होती.

१०६० कशावरून? या प्रश्नामागे आम्ही निघालो तेव्हा जे हाती लागलं, ते आजही नव्या मुलांना मी सांगतेच. मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर कोरलेला एक शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. दगड झिजलेला. एकोणिसाव्या शतकात तो प्रथम वाचला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, ज्यांच्या नावाचं संग्रहालय भायखळ्याला आहे. पेशाने डॉक्टर, पण ताम्रपट आणि शिलालेखांचं वेड. त्यांनी लेखातलं वर्ष वाचलं शक ७८२, म्हणजे इसवी सन ८६०. हे वाचन एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आलं. पुढे त्याच नियतकालिकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा वाचून दाखवला: पहिला आकडा सातचा नाही, नवाचा आहे. शक ९८२. इसवी सन १०६०. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आलं.

यातली खरी गंमत पुढेच आहे. भगवानलाल हे जुनागढचे, आणि भाऊ दाजींनीच त्यांना मुंबईला बोलावून घेतलं होतं. त्यांच्यासाठी देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे आणि नकला आणण्याचं काम भगवानलालांनी वर्षानुवर्षं केलं. म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांचंच वाचन त्यांनी दुरुस्त केलं, तेही छापील कागदावर, पुराव्यासकट. विसाव्या शतकात महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांवर काम केलं तेव्हा हा लेखही संपादून छापला. वाचन कुणी केलं, कुठे छापलं, कुठे बदललं, हा सगळा माग तिथवर सलग लागतो.

मुलांना भाऊ दाजी 'चुकले' याचं फार कौतुक वाटतं. मोठ्या माणसाची चूक सापडली की विशीत आनंद होणारच. मी त्यांना थांबवते. झिजलेल्या दगडावरचा एक आकडा त्यांनी वेगळा वाचला. पण मी हे या दगडावर, या ओळीत, असं वाचलं, हे त्यांनी छापून ठेवलं म्हणून तर दुसऱ्याला त्याच दगडापाशी जाऊन ते तपासता आलं. त्यांनी नुसतंच 'मंदिर फार प्राचीन आहे' असं लिहिलं असतं तर ते कधीच चुकले नसते, आणि त्याचा कुणाला उपयोगही झाला नसता. संदर्भ देणं ही परीक्षकाला दाखवायची शोभा आहे असं मुलांना शिकवलं जातं. माझ्या लेखी तो पुढच्या माणसासाठी उघडा ठेवलेला दरवाजा आहे. मला खोटं ठरवायचं असेल तर या वाटेने या.

त्या मुलीने अखेर इतिहासाचं अख्खं प्रकरण एका परिच्छेदावर आणलं. लेखात शक ९८२ हे वर्ष आहे. ते आधी ७८२ असं वाचलं गेलं होतं आणि नंतर दुरुस्त झालं. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधल्याची आख्यायिका परिसरात सांगितली जाते आणि मला ती मंदिराबाहेरच्या फुलवाल्या मावशींकडून ऐकायला मिळाली. बस्स. पांडव गेले नाहीत, फक्त आपल्या जागेवर जाऊन बसले. विक्रेत्यांच्या श्रद्धेचा आणि धंद्याचा संबंध पुढच्या प्रकरणात आला तेव्हा ती आख्यायिका शक ९८२ पेक्षा जास्त कामी आली, हे सांगायला हवं.

पूर्वसंशोधनाचा आढावा हा मुलांच्या गळ्यातला दुसरा धोंडा. तो कसा असतो हे दाखवायला बाजारातली मार्गदर्शक पुस्तकं निरुपयोगी आहेत. एकाखाली एक दहा नावं आणि प्रत्येकाने काय 'म्हटलं आहे' याची दोन-दोन ओळींची यादी, हाच त्यांचा नमुना. मी त्याऐवजी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एका विद्यार्थ्याचा निबंध पुढे ठेवते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर एक निबंध वाचला. वय अवघं पंचवीस. निबंधाच्या सुरुवातीलाच ते जातीच्या चार व्याख्या मांडतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांनीही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, जातींवरच संशोधन केलं होतं. प्रत्येक व्याख्येत काय निसटलं ते आंबेडकर दाखवतात. केतकरांना ते मान देतात, आणि मग म्हणतात की केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं मुळात वेगळी नाहीतच, एकाच गोष्टीच्या त्या दोन बाजू आहेत. तिथून स्वतःच्या सिद्धांताची वाट निघते: जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे.

आढावा म्हणजे हे. आधीच्यांनी काय पाहिलं, कुठे थांबले आणि म्हणून मी कुठून निघतो. रविवारी आम्ही त्या निबंधाची पहिली काही पानं ओळीओळीने वाचतो. इंग्रजी कठीण आहे, अडखळत वाचतो. तरी एकदा रीत कळली, की दहा नावांची यादी मुलं स्वतःहून फाडून टाकतात. चार पुरतात.

उचलेगिरीचा प्रश्न यातूनच येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये यासंबंधी विनियम काढले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांत सुधारून पुन्हा सादर करायचं. चाळीस ते साठमध्ये वर्षभर सादर करता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजायचं नाही, अशीही तरतूद आहे. हेतू चांगला. पण मुलांच्या हाती यातला एकच आकडा पोहोचला. "मॅडम, किती टक्के चालतं?" जणू दहा टक्के चोरी ही सवलत आहे! मग त्या टक्क्यात बसवण्याची कला विकसित होते. शब्दांना समानार्थी शब्द लावायचे. वाक्य मराठीत करून पुन्हा इंग्रजीत आणायचं. एकाने 'बाजारपेठेतील वाटा' याचं असं काही केलं होतं की त्याचा अर्थ 'बाजारातले रस्ते' झाला होता.

साम्य तपासणारं यंत्र शब्द जुळवतं, विचार कुणाचा ते त्याला कळत नाही. एखाद्या जुन्या मराठी पुस्तकातलं प्रकरण कुणी सरळ इंग्रजीत उतरवलं तर बहुधा ते शून्य टक्क्यांनी सुटेल. आणि ज्या मुलाने प्रामाणिकपणे अवतरणचिन्ह घालून, पान क्रमांक देऊन चार ओळी घेतल्या, तो अहवाल बघून घाबरतो. म्हणून आमच्याकडे टक्के विचारायचे नाहीत. गेली दोन-तीन वर्षं एक नवी अट आहे. संदर्भ यादीतल्या प्रत्येक नोंदीचं पान, मोबाइलवर का होईना, उघडून दाखवायचं. कारण आता संगणकाला सांगितलं की तो देखणी यादी बनवून देतो; लेखक खरा, प्रकाशक खरा, साल शोभेसं, फक्त ते पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नाही. अशी यादी घेऊन आलेल्या मुलाला मी रागावत नाही. त्याला म्हणते, यातलं पहिलं पुस्तक शोधून आण. तो दोन दिवस शोधतो आणि मग त्याला ते आयुष्यभर पुरतं.

खरे संदर्भ मिळवायला आता मुंबई गाठावी लागत नाही, ही आमच्या काळापेक्षा मोठी सोय. देशभरातले पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर घरबसल्या वाचता येतात. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ सालचं, तेही इंटरनेटवर आहे. एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंजीवनी हा संग्रह आहे. आणि आमच्या बदलापुरातच श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' आहे. जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं बघायला लांबून अभ्यासक तिथे येतात आणि कुळगावात राहणाऱ्या मुलांनी त्याचा जिनाही चढलेला नसतो. हे मला आजवर न उलगडलेलं कोडं आहे.

लिहिण्याची ही शिस्त फक्त प्रबंधापुरती आहे असं मुलांना वाटतं. नोकरीला लागली की ती म्हणतात, आता कुठे काय लिहायचंय? त्यावर मला जूनमधली एक रात्र आठवते. २०२१ साली आमच्या भागात औद्योगिक वसाहतीतून वायुगळती झाली. डोळे चुरचुरत होते, घसा धरला होता, खिडक्या लावून सगळे मोबाइल हातात घेऊन बसलेले. त्या तासाभरात व्हॉट्सअॅपवर काय काय आलं! नंतर मुलांबरोबर ते सगळे मेसेज मी वहीवर उतरवले आणि तीन रकाने आखले: पाहिलं, ऐकलं, वाटलं. 'माझ्या बाल्कनीतून धूर दिसतोय, रस्त्यापलीकडचा दिवा दिसेनासा झालाय' हे पाहिलेलं. 'क्लोरीन आहे' हे कुणी पाहिलं? क्लोरीन आणि अमोनिया दोन्ही नावं फिरत होती, दोन्ही सारख्याच ठामपणे. बहुतेक मेसेज दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातले होते, पण लिहिले होते पहिल्या रकान्यातल्यासारखे. ते तीन रकाने तेव्हापासून आमच्या प्रत्येक वहीत आहेत.

आमच्यातला एक बीएस्सी झालेला मुलगा याच पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्टवर लागला. पाळी बदलताना लॉगबुकात त्याने लिहिलं, 'तापमान वाढले होते, लक्ष ठेवणे.' त्याच्या वरिष्ठांनी ती नोंद परत लिहायला लावली. किती होतं, किती झालं, केव्हा, तू काय केलंस? दुसऱ्यांदा लिहिलेली नोंद त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवली: रात्री २.१० ला तापमान ६२ वरून ६८ अंशांवर गेले, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, २.३५ ला ६३ वर आले. कारण कळलेले नाही. ही नोंद मी वर्गात शिकवते. यातलं शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त धीर लागतो. सकाळच्या पाळीचा माणूस त्याच वाक्यामुळे यंत्रापाशी जाऊन बघतो.

ईमेल आणि अर्ज यांच्याविषयी मात्र फार बोलण्यासारखं नाही. रात्री पावणेबाराला 'हाय सर' एवढाच मेसेज पाठवून उत्तराची वाट बघत बसू नये. फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल नवीन २' ठेवू नये. काय हवंय ते पहिल्या दोन ओळींत यावं. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना हे खरं तर येत असतं; 'विषय' लिहून मग 'महोदय' लिहायची सवय त्यांना असते. इंग्रजीत आली की तीच मुलं नम्रतेने इतकी वाकतात की मागणं काय होतं ते चौथ्या ओळीनंतरही कळत नाही. एकदा सांगितलं की सुधारतं.

अर्ज लिहायचा खरा सराव हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. 'अ' नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कार्यकर्त्यांना ही शब्दमर्यादा जाचते आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण लिहायला शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही.

हे कळलं ते नदीवरच्या एका प्रकल्पात. बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातली एक मुलगी 'आविष्कार'साठी विषय शोधत होती. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते. पोस्टर लावायचं आणि परीक्षकांपुढे उभं राहून सांगायचं. तिने आधी आणला होता 'हवामान बदल आणि भारत'. कशावरून, हे विचारायचीही गरज पडली नाही, तीच हसली. तिच्या घरात २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी आलं होतं आणि २७ जुलै २०१९ लाही. २०१९ चा तो दिवस सगळ्यांना आठवतो, कारण महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह वांगणीजवळ पाण्यात अडकली होती आणि त्यांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. दोन पुरांपैकी आपल्या गल्लीत पाणी जास्त कधी चढलं? एवढाच प्रश्न तिने घेतला.

वरवर पाहता सोपा. ती टेप घेऊन दारोदार गेली. कुणी म्हणालं कंबरभर, कुणी छातीभर. कुणाच्या कमरेएवढं? सांगणाऱ्या आजी साडेचार फुटांच्या होत्या, त्यांचा मुलगा सहा फुटांच्या जवळ. म्हणून तिने तोंडी माहिती ज्याच्या त्याच्या उंचीसकट लिहून घेतली, आणि जिथे भिंतीवर डाग, रंगाची रेघ किंवा तारीख कळेल असा फोटो आहे तिथेच मोजमाप घेतलं. मग एका किराणा दुकानदार काकांनी तिला थांबवलं. तू रस्त्यापासून मोजतेस, पण २००५ चा रस्ता कुठे आहे? मधल्या काळात खडी, डांबर, मग काँक्रीट. रस्ता वर आला, दुकानाच्या पायऱ्या आत गेल्या. आज रस्त्यापासून मोजलं तर २००५ चं पाणी उगाच कमी दिसणार. तिने सगळी मापं पुन्हा घेतली, या वेळी इमारतींच्या जोत्यापासून. संशोधन पद्धतीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे वाक्य मी वाचलेलं नाही, आणि त्या काकांचे आभार तिने पोस्टरवर मानले.

सरकारी नोंदीसाठी अर्ज लिहायला बसली तेव्हा पहिला मसुदा दोन पानं झाला. पूर का येतो, जबाबदार कोण, उपाययोजना का झाली नाही. राग खरा होता. पण या कायद्याखाली कार्यालय देतं ते कागदावर असलेली माहिती. 'का' या प्रश्नाला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नसतं. म्हणून सगळे 'का' काढले. उरलं ते असं: अमुक दोन तारखांना बदलापूर बंधाऱ्याजवळ नदीच्या पातळीच्या घेतलेल्या नोंदींची प्रत मिळावी. शंभर शब्दही झाले नाहीत. आधी तो अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेला, कारण कलम ६(३) खाली विषय ज्याचा त्याच्याकडे तो पाठवावा लागतो. तेवढ्यात तिला कुठल्या खात्याकडे काय असतं याचा नकाशाच कळला. नोंदींची प्रत आली ती एका साध्या पाकिटातून, खालच्या कोपऱ्यात सही-शिक्क्यासह.

इथे तिने जे केलं ते मला फार आवडलं. पावसाळ्यात बातम्यांत येतं ना, बंधाऱ्यावर इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर, ते आकडे आणि तिची जोत्यापासूनची फूट-इंचांची मापं एकाच तक्त्यात घालायचा मोह कुणालाही झाला असता. तिने दोन तक्ते वेगळे ठेवले. दोन्हींचा शून्य एक नाही, असं खाली एका ओळीत लिहिलं. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि ती न अडखळता बोलली, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. बक्षीस मिळालं नाही. पुढच्या फेरीत गेलं ते कुणाचं तरी यंत्रमानवाचं मॉडेल होतं. परीक्षकांना चकाकतं ते आवडतं, असं माझं मत आहे आणि ते तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं आहे.

आता एक विनंती. बदलापूर, अंबरनाथ, वांगणी या भागात ज्यांच्याकडे २००५ किंवा २०१९ च्या पुराचे फोटो असतील त्यांनी मागच्या बाजूला तारीख, वेळ, जागा आणि फोटो कुणी काढला ते लिहून ठेवावं. मोबाइलमधले असतील तर मूळ फाइल जपावी, फॉरवर्ड केलेली नको. भिंत रंगवायची झाली तर पाण्याच्या रेघेची उंची आधी जोत्यापासून मोजून कुठेतरी टिपून ठेवावी. आणि वही-टेप घेऊन एखादा विद्यार्थी दारात आला, तर 'आम्हाला काही माहीत नाही' म्हणून दार लावू नये. आपली उंचीही सांगावी.